मिसरातले कांदे आणि तांबडी भाकर

यंदाच्या उपवासकाळातील तो एक शुक्रवार होता. क्रुसाच्या वाटेची भक्ती नुकतीच संपली होती. चौदाव्या स्थानाशी म्हटलेली प्रार्थना अजून ओठांवर रेंगाळत होती. चर्चमधून मिशनच्या बंगल्याकडे परतत असताना स्वयंपाकघराच्या खिडकीतून तव्यावर भाजल्या जाणाऱ्या कांद्याचा वास आला आणि माझे पाय जागीच थबकले. कालव्हारीच्या टेकडीवर असलेले मन क्षणार्धात खाली उतरले आणि पन्नास वर्षे मागे जाऊन राहुरी तालुक्यातील एका खेड्यात, शेणाने सारवलेल्या जमिनीवर, चुलीपुढे मांडी घालून बसले.

पूर्वी या वासाने मला निखळ आनंद होत असे. यंदा त्या आनंदात एक बोच मिसळली होती. तिचे कारण ओघाने पुढे येईलच. परंतु त्या बोचेने माझ्यापुढे जो प्रश्न उभा केला, तो माझ्या एकट्याचा आहे असे मला वाटत नाही. लहानपणी आईच्या हातचे जे खाल्ले त्याची ओढ माणसाला जन्मभर राहते. ही ओढ म्हणजे कृतज्ञता की केवळ जिभेचा मोह? आणि ती कृतज्ञता असेल, तर ती नेमकी कशाविषयी आणि कुणाविषयी असते?

प्रथम त्या चुलीविषयी थोडे सांगितले पाहिजे. आमच्या घरी कांदा ही भाजीत घालण्याची वस्तू नव्हती. पुष्कळ दिवस तोच भाजी असे. मळ्यातून परतलेले वडील हाताच्या मुठीने कांदा फोडत आणि मीठ व भाकरीबरोबर खात. चाकूने चिरलेल्या कांद्याला ती चव येत नाही, असे त्यांचे ठाम मत होते. थंडीच्या दिवसांत आई चुलीच्या आरात सालासकट कांदे पुरून ठेवी. वरची साल जळून कोळसा होई आणि आतला गाभा मधासारखा गोड लागे. गोडी कांद्यात मुळातच असते. कच्चेपणी ती तिखटपणाखाली झाकलेली असते, विस्तव तो तिखटपणा घालवतो आणि गोडी वर येते. पावसाळ्यात कांदेनवमीला, म्हणजे आषाढी एकादशीच्या दोन दिवस आधी, शेजारच्या वारकरी घरातून आमच्याकडे कांदाभज्यांची ताटली येई. चातुर्मासात त्यांच्याकडे कांदा-लसूण वर्ज्य, म्हणून त्या दिवशी घरातला कांदा संपवायचा. त्यांचा उपवास सुरू होण्याचा आनंद आम्हा ख्रिस्ती मुलांना त्यांच्या मुलांइतकाच होई.

भजी आई पुढे स्वतःही करू लागली. तिची पद्धत अशी : कांदा उभा, पातळ चिरायचा, त्याला मीठ चोळून तो झाकून ठेवायचा, थोड्या वेळाने त्याला पाणी सुटते, त्या पाण्यात मावेल तेवढेच बेसन घालायचे. वरून पाण्याचा थेंबही नाही. "कांद्याला स्वतःचं पाणी असतंय, वरून घातलं की तो रुसतो," असे ती म्हणे.

पण या सर्वांहून आम्हा भावंडांचा जीव जडला होता तो तिच्या 'तांबडी'वर. तांबडी म्हणजे ज्वारीच्या पिठात भरपूर कांदा, लाल तिखट आणि मीठ घालून, ओल्या फडक्यावर थापून, तव्यावर भाजलेली जाड भाकर. तिला थालीपीठ म्हणता आले असते, परंतु थालीपिठाला भाजणी लागते, तेल लागते. आमच्या तांबडीला तेलाचे चार थेंब मिळाले तर नशीब. वरून झाकण ठेवले की आतल्या कांद्याच्या वाफेवर ती शिजे आणि खालून खरपूस होई. शेजारीपाजारी कुणाकडेच हा पदार्थ नव्हता. तो आमचा होता, याचा आम्हाला कोण अभिमान!

उपवासकाळातील शुक्रवारी मांसाहार वर्ज्य. वास्तविक आमच्या घरी मांस वर्षातून चार-पाच वेळाच शिजे, त्यामुळे ते वर्ज्य करण्यात फारसा त्याग नव्हता. पण शुक्रवार आहे म्हणून आई हटकून तांबडी करी, आणि परिणामी आम्ही मुले शुक्रवारची चातकासारखी वाट पाहत असू. प्रायश्चित्ताचा दिवस आमच्यासाठी मेजवानीचा दिवस झाला होता. सेमिनरीत गेल्यावर मी हे एकदा माझ्या आध्यात्मिक मार्गदर्शकांना भीतभीत सांगितले. ते खूप हसले आणि म्हणाले, "तुझ्या आईने उपवास केला, तू जेवलास. दोघांचा हिशेब वेगळा आहे." त्या वेळी मी तो विनोद समजलो. त्या वाक्यात किती अर्थ होता हे कळायला मला पुढे तीन दशके लागली.

जिभेला एखादी गोष्ट आवडणे हे पाप नव्हे, हे येथेच स्पष्ट केलेले बरे, कारण आपल्या भाविकांत याविषयी काही चुकीच्या समजुती आढळतात. संत थॉमस अक्विनास यांनी संयमाचा सद्गुण विशद करताना खादाडपणाला दोष ठरवले आहेच. पण निसर्गाने जगण्यासाठी जोडून दिलेल्या सुखाकडे अकारण पाठ फिरवणाऱ्या संवेदनशून्यतेलाही त्यांनी दुर्गुणच मानले आहे. आणि ज्ञानग्रंथाच्या सोळाव्या अध्यायात तर असे सांगितले आहे की अरण्यात उतरलेला मान्ना खाणाऱ्याच्या रुचीप्रमाणे चव बदलीत असे. ज्या देवाने आपल्या लेकरांच्या आवडीनिवडीचा इतका विचार केला, तो कांद्याच्या भाकरीवर रागावेल कसा?

तथापि त्याच मान्नाविषयी पवित्र शास्त्रात दुसरीही एक कथा आहे, आणि तिच्यात कांदा आहे. गणनाच्या अकराव्या अध्यायात इस्राएलचे लोक अरण्यात तंबूंच्या दारांशी रडत बसले आहेत. मान्ना खाऊन त्यांना कंटाळा आला आहे. त्यांना मिसर देशातले जेवण आठवते : तिथले मासे, काकड्या, खरबुजे, भाजीपाला, कांदे आणि लसूण. देवाला या रडण्याचा कोप येतो. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात ही कथा ऐकली तेव्हा माझी सहानुभूती पूर्णपणे इस्राएल लोकांकडे होती. कांदा आठवला म्हणून रडले बिचारे. यात चिडण्यासारखे काय?

पुढे बायबलचा रीतसर अभ्यास करताना त्या तक्रारीतला एक शब्द माझ्या नजरेत भरला. हे सर्व आम्हाला मिसरात फुकट मिळत होते, असे ते म्हणतात. फुकट! निर्गमाच्या पहिल्या अध्यायात त्यांच्या तिथल्या आयुष्याचे वर्णन आहे : चिखल, विटा, शेतातली कष्टाची कामे, मुकादमांचा जाच, आणि शेवटी नदीत फेकली गेलेली तान्ही मुले. त्या कांद्याची किंमत त्यांनी स्वतःच्या पाठीने आणि पोटच्या पोरांनी चुकवली होती. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकात मिसरला गेलेल्या हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेवले आहे की, थोरल्या पिरॅमिडवर एक लेख होता आणि तो वाचून दुभाष्याने त्याला सांगितले की, बांधकामावरील मजुरांना मुळा, कांदा व लसूण पुरवण्यासाठी चांदीचे १६०० टॅलेंट खर्ची पडले. दुभाष्याचे वाचन बरोबर होते की नाही हा प्रश्न निराळा. पण कांदा ही राबणाऱ्यांची शिदोरी होती, ही समजूत त्या देशात किती जुनी होती हे त्यावरून दिसते. राबवून घेण्यासाठी दिलेला घास त्यांना आता स्वातंत्र्यात 'फुकटचा' वाटू लागला होता.

देवाचा कोप कांद्याच्या आठवणीवर नव्हता. तो या अर्धवट आठवणीवर होता. चव आठवली, किंमत विसरली.

असे का होते? याचे उत्तर संत ऑगस्टीन यांनी आपल्या 'कबुलीजबाबा'च्या दहाव्या भागात देऊन ठेवले आहे. स्मरणशक्ती म्हणजे जणू मनाचे पोट आहे, असे ते म्हणतात. सुख आणि दुःख हे गोड आणि कडू अन्नासारखे त्या पोटात जाऊन साठते. पण पोटात गेलेल्या अन्नाची चव लागत नाही. म्हणूनच जुने दुःख आपण दुःखी न होता आठवू शकतो. माणसाला ही देणगी नसती तर त्याला जगणे अशक्य झाले असते. परंतु तिच्यात एक धोकाही आहे. कडू ते पोटात पडून बेचव होते आणि जिभेवर गोड तेवढे घोळत राहते. मग आपण म्हणू लागतो, काय ते दिवस, काय ते जेवण! आणि ते कुणाच्या जिवावर झाले हे विचारायचे राहून जाते.

आता माझी गोष्ट सांगतो. ती सांगताना मला संकोच वाटतो. पण जो धर्मगुरू इतरांना आठवड्यामागून आठवडे प्रायश्चित्ताचे महत्त्व सांगतो, त्याने स्वतःचे झाकून ठेवू नये.

१९९७ साली माझी गुरुदीक्षा झाली. आमच्या गावातून धर्मगुरू झालेला मी पहिलाच. पहिल्या मिस्सासाठी शहरातून माझे काही सहकारी धर्मगुरू आणि काही उपकारकर्ते गावी आले होते. मिस्सा झाल्यावर सर्वांना घेऊन मी घरी गेलो. आई पहाटेपासून खपत होती. आत डोकावलो तर तिने परातभर तांबड्या करून ठेवल्या होत्या. आपल्या लेकाला सर्वांत प्रिय असलेला पदार्थ त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या दिवशी! मी मात्र शहरातल्या पाहुण्यांच्या नजरेने ती परात पाहिली. मी हलक्या आवाजात म्हणालो, "आई, हे आज नको. लोक काय म्हणतील?" तिने काही विचारले नाही. फडके ओढून परात झाकली आणि ती धान्याच्या कणगीमागे सारली. तालुक्याच्या गावाहून मागवलेली पुरीभाजी आणि लाडू पाहुण्यांना वाढले गेले.

जेवता जेवता एका ज्येष्ठ धर्मगुरूंनी हवेत वास घेत विचारले, "काही तरी खमंग केलेले दिसते आहे घरात?" मी उत्तरलो, "छे, शेजारी कुणी तरी करत असेल." आई दाराच्या चौकटीशी उभी होती. तिने ते ऐकले. पेत्राने विस्तवापाशी जे केले तेच मी चुलीपाशी केले. फरक एवढाच की कोंबडा आरवला नाही, आणि म्हणून मला रडूही आले नाही.

त्यानंतर ती कधी काही बोलली नाही. फक्त एवढे झाले की, मी सुटीत घरी गेलो की ती मला विचारून स्वयंपाक करू लागली. "फादर, काय करू आज?" असे ती विचारी. चारचौघांत ती मला 'फादर' म्हणे याचे मला कौतुक होते. चुलीपुढे आम्ही दोघेच असतानाही ती तसे म्हणू लागली आहे हे माझ्या ध्यानात आले नाही. तांबडी कर, असे सांगायचे मला पुष्कळदा सुचले, पण जीभ रेटली नाही. २०११ साली ती देवाघरी गेली. तिच्या अंत्यविधीच्या मिस्सात मी मातेच्या त्यागावर प्रवचन दिले. लोकांना ते आवडले.

गेल्या वर्षी २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, दफनभूमीत कबरींवर आशीर्वाद देऊन झाल्यावर मी अक्काच्या घरी थांबलो. अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. जुन्या आठवणी निघाल्या, तशी मी तिला तांबडीविषयी विचारले. नातवंडांसाठी ती अजून करते असे तिने सांगितले. मग एकाएकी तिने मला विचारले, "तिला तांबडी का म्हणायचो, ठावं हाय का तुला?"

"तिखटामुळं," मी म्हणालो.

"तिखट नंतर आलं. आधी मिलो होता."

मग तिने सांगितले ते असे. १९७२ च्या दुष्काळात मी चार वर्षांचा होतो, ती दहा वर्षांची. ज्वारी दिसेनाशी झाली होती. रेशनच्या दुकानात अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो मिळे. त्याची भाकर नीट थापली जात नसे, घशाखाली उतरत नसे. मी ती थुंकून टाकी आणि उपाशी झोपे. वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. आई काही दिवस खडीवर आणि काही दिवस एका विहीरवाल्या बागायतदाराकडे कांदा काटायला जाई. दिवसभर उन्हात उकिडवे बसून विळ्याने पात कापायची. संध्याकाळी मजुरीबरोबर बाजारात न खपणारा माल बायकांना पदरात बांधून नेऊ देत : सुपारीएवढी गोल्टी, जोडकांदे, डेंगळे. आईने तो कांदा मिलोच्या पिठात घातला. कांद्याच्या पाण्याने पीठ जरा मऊ झाले, वासाने मिलोचा वास झाकला गेला, आणि तिचे चार वर्षांचे पोर जेवले. मिलोचा रंग तांबूस, म्हणून मीच तिला नाव दिले, तांबडी.

पुढच्या वर्षी पाऊस पडला. ज्वारी आली. आईने पांढरीशुभ्र भाकर केली, तर मी हट्ट धरून बसलो की मला तांबडीच हवी. तेव्हा तिने ज्वारीच्या पिठात कांदा घातला आणि रंग यावा म्हणून लाल तिखट टाकले. अक्का म्हणाली, "तुला आवडायची म्हणून ती जल्मभर करीत राहिली. तिनं सवता कधीच खाल्ली न्हाई. तिला तो वास आला की दुष्काळ आठवायचा."

मी बराच वेळ काही बोलू शकलो नाही. ज्या पदार्थाला मी माझ्या बालपणाचे वैभव समजत होतो, तो दुष्काळाचा शोध होता. ज्याची मला पाहुण्यांपुढे लाज वाटली, त्याने माझा जीव वाचवला होता. आणि जो वास मला आनंदाचा वाटे, तो सोसत ती बाई पंचवीस वर्षे, दर शुक्रवारी, तव्यापुढे बसली होती. मी मिसरातल्या कांद्यांवर किती तरी वेळा प्रवचन दिले आहे. इस्राएल लोकांचे 'फुकट' मला दिसले. माझे स्वतःचे दिसले नाही.

तर मग स्मरण कसे करावे? देवाने इस्राएल लोकांना याचेही उत्तर दिले होते. वल्हांडणाच्या भोजनात कोकराच्या मांसाबरोबर आणि बेखमीर भाकरीबरोबर कडू भाजी खावी असा नियम त्याने घालून दिला. मुक्तीच्या सणाच्या पंगतीत कडू भाजी कशासाठी? गुलामीतल्या आयुष्याची कडू चव पोटात विरून जाऊ नये, ती दर वर्षी पुन्हा जिभेवर यावी, यासाठी. ऑगस्टीनने वर्णिलेल्या दोषावरचे ते औषधच म्हणायचे. आणि त्याच वल्हांडणाच्या भोजनात आपल्या प्रभूने भाकर हाती घेतली, ती मोडली आणि आपल्या स्मरणासाठी हे करीत जा असे शिष्यांना सांगितले. ती भाकर म्हणजे तुमच्यासाठी दिले जाणारे माझे शरीर आहे, हेही त्याने त्याच वेळी सांगितले. पवित्र मिस्सात आपण भाकर आणि तिची किंमत यांची कधीही फारकत करीत नाही. ख्रिस्ती स्मरण म्हणतात ते हेच. जे स्मरण चव ठेवते आणि किंमत गाळते, त्याला गृहविरह म्हणा, हळवेपणा म्हणा. कृतज्ञता म्हणू नका.

या कसोटीवर आपली घरे तपासून पाहिली तर काय आढळते? 'माझ्या आईच्या हातची चव तुझ्या हाताला नाही,' हे वाक्य मी धर्मग्रामातील कितीतरी घरांत ऐकले आहे. बोलणाऱ्याला वाटते की आपण आईचा मान राखतो आहोत. प्रत्यक्षात तो आईच्या कष्टांचा हिशेब न करता त्याच कष्टांची मागणी दुसऱ्या एका स्त्रीकडे करीत असतो. चौथी आज्ञा आईबापांचा मान राखायला सांगते; त्या मानाची किंमत पत्नीने चुकवावी असे ती कुठेही सांगत नाही. ज्याला आईच्या हातची भाकर खरोखरच हवी आहे, त्याने स्वतः परात ओढावी, कांदा चिरावा, डोळ्यांतून पाणी काढावे, तव्याचा चटका सोसावा. तेव्हा त्याला आईच्या हाताची चव कळो न कळो, आईचा हात तरी कळेल.

दुसरी गोष्ट आपण विकत घेतो त्या कांद्याची. माझ्या धर्मग्रामातील बरीच कुटुंबे कांदा पिकवतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकणाऱ्या एका शेतकऱ्याच्या हाती वाहतूक, हमाली, तोलाई वजा जाता दोन रुपयांचा धनादेश पडला, ही बातमी आपण सर्वांनी वाचली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निर्यातबंदी आली, ती मे २०२४ पर्यंत राहिली. भाव वाढला की शहरात ओरड होते आणि भाव पडला की शेतात शांतता असते. शेतकऱ्याला रास्त भाव कसा मिळावा हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे आणि तो सोडवण्याची पात्रता माझ्यात नाही. परंतु जेवणापूर्वीची प्रार्थना करताना आपण देवाचे आभार मानतो, तेव्हा ताटातला कांदा कुणाला तरी जवळजवळ फुकट द्यावा लागला होता काय, एवढे तरी मनात यायला हवे. मिस्सात भाकर अर्पण करताना धर्मगुरू तिला धरित्रीचे आणि मानवी श्रमाचेही फळ म्हणतो. दुसऱ्या शब्दाला पहिल्याइतकेच वजन आहे.

तिसरी गोष्ट 'आमचा' या शब्दाची. दस्तयेव्स्कीच्या 'ब्रदर्स कारामाझोव्ह' या १८८० मध्ये पूर्ण झालेल्या कादंबरीत एका कांद्याची कथा आहे. एक दुष्ट म्हातारी मरून अग्निसरोवरात पडते. तिच्या रक्षक दूताला तिचे एकच सत्कृत्य आठवते : तिने एका भिकारणीला मळ्यातला कांदा उपटून दिला होता. देव म्हणतो, तोच कांदा तिच्यापुढे धर आणि तिला ओढून काढ. दूत ओढू लागतो. ती वर येऊ लागते तसे इतर जीव तिला लोंबकळू लागतात. ती लाथा झाडून ओरडते की कांदा माझा आहे, तुमचा नाही. आणि त्याच क्षणी तो तुटतो. मला ही कथा फार दिवस दानधर्माची वाटत असे. आता ती मला स्मरणाची वाटते. आपल्या घरचा पदार्थ, आपली रीत, आपल्या आईचे गुण, या गोष्टी 'आमच्या' म्हणून घट्ट धरल्या की तुटतात. दुसऱ्याच्या हाती त्यांचे एक टोक दिले तरच त्या आपल्याला वर ओढतात. आमच्या घरी कांदेनवमीला येणारी ताटली हे असेच एक टोक होते.

उरतो शेवटचा आणि सर्वांत अवघड प्रश्न. ज्याचे देणे आहे तो माणूसच उरला नसेल तर? मी आईची क्षमा मागितली नाही. तिच्या आत्म्यासाठी मिस्सा अर्पण करतो, आणि पवित्र सभेच्या शिकवणीप्रमाणे ती प्रार्थना तिच्यापर्यंत पोहोचते यावर माझी श्रद्धा आहे. प्रायश्चित्त संस्कारात मी १९९७ चे ते पाप सांगितले आहे आणि मला मुक्तीही मिळाली आहे. पण क्षमा मिळाली म्हणून भरपाईची जबाबदारी संपत नाही, हे आपणच लोकांना शिकवतो. चोराने चोरलेला माल परत करायचा असतो. मालक हयात नसेल तर त्याच्या वारसांना द्यायचा असतो. माझ्या आईचा माल मी कुणाला परत करू? तिचे वारस कोण? मी आणि अक्का हे कायद्याने. पण स्वतःचेच देणे स्वतःलाच कसे फेडता येईल? खूप विचार केल्यावर मला वाटले, ज्या कुणी बायका तव्यापुढे उभ्या राहून इतरांना गरम वाढतात आणि शेवटी उरलेले, गार झालेले खातात, त्या सर्व तिच्या वारस आहेत.

आता त्या शुक्रवारकडे परत येतो. बंगल्यावर स्वयंपाक करणाऱ्या मावशी कांदा परतत होत्या. मी आत जाऊन त्यांना म्हणालो, "मावशी, आज तुम्ही बसा. भाकर मी करतो." त्या घाबरल्याच. आपले काही चुकले की काय, असे त्यांना वाटले. मी अक्काकडून विचारून घेतले होते त्याप्रमाणे कांदा चिरला, मीठ चोळून ठेवला, त्याच्या पाण्यात ज्वारीचे पीठ आणि तिखट कालवले, फडके ओले करून तांबडी थापली. पहिली तव्याला चिकटली. दुसरीचे दोन तुकडे झाले. तिसरी कशीबशी साधली.

ती मी ताटलीत घालून मावशींपुढे ठेवली. त्यांनी हात मागे घेतला. "फादर, आधी तुम्ही," असे त्या तीन वेळा म्हणाल्या. मी उभाच राहिलो. शेवटी त्यांनी एक तुकडा मोडला, फुंकर घातली आणि तोंडात टाकला. थोडा वेळ त्या काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "चाळीस वर्षं झाली लगीन होऊन. तव्यावरची पहिली भाकर आज खाल्ली."

आणि जरा थांबून, माझ्याकडे न पाहता, त्यांनी जोडले, "मीठ कमी हाय, फादर."

पुढच्या शुक्रवारी मी मीठ वाढवले.